तिसरा बार

आमच्या मिशिगनच्या रानात शिकाऱ्याने लागोपाठ तीन बार काढले, की समजायचं, मदत हवी आहे.

सकाळी ओढ्यापलीकडून, बाबा बसले होते तिथून, दोन बार ऐकू आले. मी श्वास रोखून तिसऱ्याची वाट पाहिली. आलाच नाही.

"पहिला नेम हुकला म्हाताऱ्याचा!" राइनोकाका खिदळला. याला मेल्याला कधीही थट्टाच सुचते.

"काका, त्यांचं हृदय..."

"अगं, काही झालं असतं तर तिसरा काढला नसता का? उगीच जीव टांगणीला लावतेस."

तेही खरंच. गारठलेले हात मी खिशात घातले. बोटांना काडतुसं लागली.

"एका हरणाला दोन पुरेत, बाबा," म्हणत पहाटे बाकीची मीच काढून घेतली होती.