डाव्या बाजूचा पिवळा दिवा

अर्धापुरात गाड्यांवर नावं मी घालते. नांदेडच्या रस्त्याला माझं रेडियमचं दुकान आहे. 'रेणुकामाता प्रसन्न', 'जय भीम', पोराचं नाव, बायकोचं नाव, ज्याला जे पाहिजे ते कापून चिकटवून देते. माझ्या आणि महेबूबचाचांच्या दुकानाची भिंत एकच आहे. ते गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांच्याकडे काय चाललंय ते मला कान न लावताही कळतं, आणि खरं सांगायचं तर मी कान लावतेही.

जीपला ट्रॉली जोडायची तर नुसता हूक पुरत नाही. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना जीपमधून वीज द्यावी लागते. त्यासाठी जीपला सॉकेट आणि ट्रॉलीला पिन असते. पिनेत ब्रेकची तार, डाव्या इंडिकेटरची, उजव्याची, पार्किंगची, अशा सगळ्या तारा बसतात. कोणती तार कोणत्या घरात घालायची, याचा एक छापील क्रम असतो म्हणे. आमच्याकडे तो कुणी पाळत नाही. इथं प्रत्येक मिस्त्रीचा क्रम वेगळा आणि तो गुपित. एका मिस्त्रीची ट्रॉली दुसऱ्याच्या जीपला लावली की भलतेच दिवे लागतात, मग गिऱ्हाईक मुकाट्यानं परत पहिल्याकडे येतं. अक्कल म्हणावी की आडमुठेपणा, पण सगळे असंच करतात. चाचांना त्यांचा क्रम लातूरच्या उस्तादानं दिला होता. चाचांनी तो एकट्या फैजानला दिला, त्यांच्या मुलाला.

फैजानचं लग्न हिमायतनगरच्या नाझनीनशी झालं. सासऱ्यानं रस्त्यालगतची जागा दिली आणि त्यानं तिकडंच स्वतःचं दुकान टाकलं. चाचांना ते झोंबलं. पोरगा घरजावई झाला याचा राग होताच, त्यात तिकडची गिऱ्हाइकं अर्धापूरला यायची बंद झाली. जाताना फैजान पाया पडायला आला तर चाचांनी पाय मागं घेतले. त्यानंतर बापलेकांत बोलणं नाही. सणाला नाही, दुखण्याखुपण्यात नाही.

यात भरडली जायची ती बेगमबी चाची. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायची, कापलेल्या रेडियमचे तुकडे उगाच गोळा करायची आणि म्हणायची, "लुंबिनी, दोघंबी खडूस हायेत. मी मेले तर जनाज्याला तरी शेजारी उभे राहतील का न्हाई, देव जाणे."

मी तिला रागवायचे. असं बोलू नये म्हणायचे.

मग व्यंकटी आला. हा हिमायतनगरच्या पलीकडचा, डोंगरातल्या गावचा. अर्धापूरची केळी घ्यायची आणि जिथं टेंपो चिखलात रुततो अशा वाड्या-तांड्यांवर पोचवायची, थेट माहूरपर्यंत, हा त्याचा धंदा. त्यासाठी त्यानं जुनी, चारही चाकं ओढणारी जीप घेतली होती. इंजिन दणकट, पण ब्रेक असे की एकदा दाबून भागायचं नाही. पाय तीनचारदा मारावा लागायचा. ट्रॉली त्यानं आमच्याच इथं नवी बनवून घेतली आणि दिव्यांसाठी चाचांकडे आणून लावली.

"जीपबी घेऊन ये," चाचा त्याला म्हणाले. "सॉकेट मीच बसवतो."

व्यंकटी बाहेर पडला तसं चाचीनं त्याला माझ्या दुकानात ओढलं. "जीपचं काम फैजानकडून कर," ती हळूच म्हणाली. "तुला जवळ पडतं. यांना सांगू नको."

"पण चाची, दिवे जुळतील का?" मी विचारलं.

"न जुळायला काय झालं? बापाचा क्रम लेकाला पाठ हाय. ट्रॉली बापाची, जीप लेकाची. रस्त्यानं संगट चालतील तवा यांना सांगीन, बघा, तुमच्या दोघांचं काम कसं जुळलं." एवढं बोलून ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

व्यंकटी जीप घेऊन आला तो शुक्रवारी, चाचा नमाजाला गेलेले असताना. वेळ चाचीनंच सांगून ठेवली होती. त्यानं ट्रॉली हुकात अडकवली, पिन सॉकेटात दाबली, पार्किंगचं बटण ओढलं. मागचे दोन्ही लाल दिवे लागले. चाचीनं तिथल्या तिथं दृष्ट काढावी तशी दोन्ही हातांनी ट्रॉलीची बला घेतली आणि बोटं कानशिलावर मोडली. ब्रेक दाबून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. दिवे लागले होते, क्रम एकच होता, मग बघायचं काय?

चाचांनी परत आल्यावर विचारलं, तर ती म्हणाली, व्यंकटी घाईत होता, ट्रॉली कुणाच्या ट्रॅक्टरला बांधून नेली, जीप नंतर आणतो म्हणाला. चाचांनी मान हलवली आणि कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात चाची हिमायतनगरला गेली. बहिणीकडं जाते म्हणून गेली आणि लेकाकडं उतरली. तिनं त्याला काय सांगितलं, कसं वळवलं, मला माहीत नाही. पण फैजान तिला मोटारसायकलवर मागं बसवून अर्धापूरला निघाला. बापाची माफी मागायला. नाझनीननं अब्बांसाठी डब्यात खीर भरून दिली होती.

भोकरच्या अलीकडं एक उतार आहे. दिवस कलला होता. त्यांच्या पुढं व्यंकटीची जीप चालली होती, रिकामी ट्रॉली घेऊन, केळी भरायला. समोरून ट्रक येत होता. व्यंकटीनं ब्रेकवर पाय मारला, पुन्हा मारला, पुन्हा मारला. त्याच क्षणी फैजान उजवीकडून पुढं निघाला आणि ट्रकसमोर गेला.

चाची जागीच गेली. फैजानच्या मांडीचं हाड मोडलं.

दफनाला फैजान नव्हता, तो नांदेडच्या दवाखान्यात होता. शेजारी उभं राहायचं ते राहिलंच. मी चाचीच्या घरी ओट्यावर बसून होते आणि येणारा जाणारा काय बोलतो ते ऐकत होते. सगळ्यांचं एकच, पोराला घाई नडली. आईला घेऊन कुणी अशी गाडी मारतं का? कुणी तर असंही म्हणालं की बापाच्या मनाविरुद्ध गेला, त्याचं हे फळ. मला त्याचं तोंड धरावंसं वाटलं. चाचा समोर बसून होते. 

दवाखान्यात मी फैजानला भेटले तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून होता. "त्यानं साइड दिली होती, दीदी," तो म्हणाला. "डावा पिवळा दिवा उघडझाप करत होता. मी बघितलं."

आमच्या रस्त्यांवर हे लहान पोरालाही कळतं. पुढच्या गाडीनं डावा दिवा दाखवला की समोर रस्ता मोकळा आहे, मी बाजूला होतो, तू जा. गाड्या एकमेकींशी असंच बोलतात आणि मागचा डोळे झाकून पुढं जातो.

"व्यंकटी तर म्हणतो मी दिलीच नाही," मी म्हणाले.

"मग मला तसं दिसलं असेल." त्यानं चादर तोंडावर ओढली. "मीच मारलं अम्मीला."

तो घरी गेला तरी ते वाक्य त्याच्या तोंडून जाईना. नाझनीन फोनवर रडायची. दुकानाचं शटर उघडत नाही, जेवत नाही, रात्र रात्र बसून राहतो. "दीदी, त्याला एकट्याला सोडायची भीती वाटून राहिली मला," ती म्हणाली. मला काय ते कळलं.

पोलिसांनी ट्रॉली सोडल्यावर व्यंकटीनं ती चाचांच्या दारात आणून टाकली. "महेबूबभाई, दिवे बघा एकदा. माझा पाय ब्रेकवर व्हता, कुराण-गीता काय बी ठेवा, त्याच्यावर हात ठेवून सांगतो. पण ते पोरगं खोटं बोलणारं न्हाई. माझ्या जिवाला चैन न्हाई."

"जीपला सॉकेट कुणी बसवलं?" चाचांनी विचारलं.

व्यंकटीनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. "फैजाननं. चाचीनं सांगितलं व्हतं."

चाचांच्या हातातला, वीज तपासायचा टेस्ट लॅम्प खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. व्यंकटी गेल्यावरही ते तसेच उभे होते. मला वाटलं, चाचीच्या आठवणीनं झालं असेल. मी मूर्ख.

ट्रॉली बरेच दिवस दारात पडून राहिली. चाचा तिला वळसा घालून जायचे. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते जमिनीवर बसलेले, पिन उघडून मांडीवर घेतलेली, एका हातात स्क्रू फिरवायचा पेचकस. 

"काय करून राहिले, चाचा?"

 त्यांनी पिन माझ्यासमोर धरली. "ही ब्रेकची. ही डाव्या साइडची. माझ्या क्रमात दोनच तारांची घरं उलटी केली मी, लुंबिनी. फैजान गेला त्या दिवसापासून. माझा क्रम घेऊन गेला, माझी गिऱ्हाइकं तोडतो, तर बघू म्हटलं. त्याच्याकडं कुणी गेलं की दिवे उलटे लागतील, परत माझ्याच दारात येतील. तेवढंच मनात व्हतं."

मला समजायला वेळ लागला. लेकाच्या जीपमधून ब्रेकची वीज निघाली आणि बापाच्या ट्रॉलीत डाव्या पिवळ्या दिव्याला पोचली. व्यंकटी पाय मारत होता तसा तो दिवा उघडझाप करत होता. दोघंही खरं बोलत होते.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता जिथल्या तिथं करून टाकतो." त्यांनी पेचकस तारेला लावला.

मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी कधी असं वागले नव्हते. "तारा फिरवल्या की कुणाला कधी कळायचं नाही, हेच ना? तुमचा लेक तिकडं रोज स्वतःला खातोय. त्याला वाटतं त्यानं आईला मारलं. उद्या त्यानं जिवाचं काही केलं, तर तुम्ही दुसऱ्या कोणत्या तारा फिरवणार?"

"त्याला सांगितलं तर तो माझं तोंड बघंल का?"

"नाही बघणार," मी म्हणाले. मला खोटा धीर द्यायचा नव्हता.

 चहा गार झाला. मग त्यांनी पिन होती तशीच बंद केली आणि मला म्हणाले, "व्यंकटीला फोन लाव. जीप घेऊन ये म्हण. फैजानला संगट आण म्हण."

फैजान आला तो कुबड्या घेऊन, नाझनीनच्या आधारानं. निम्मा झाला होता. कितीतरी वर्षांनंतर तो त्या दारात उभा होता, पण बापाकडं त्यानं पाहिलं नाही. व्यंकटीनं ट्रॉली जोडली, पिन सॉकेटात घातली. चाचा जीपमध्ये चढले आणि व्यंकटीच्या जागी बसले.

"मागं जाऊन उभा राहा," त्यांनी फैजानला सांगितलं. "दिव्याकडं बघ."

फैजान ट्रॉलीमागं गेला. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. चाचांनी पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. डाव्या बाजूचा पिवळा दिवा लागला, विझला, लागला, विझला.

"साइड कशाला देऊन राहिले, महेबूबभाई?" व्यंकटी म्हणाला.

"साइड न्हाई," आतून आवाज आला. "ब्रेक हाय."

  एक कुबडी फैजाननं माझ्याकडं दिली, लंगडत पिनेपाशी गेला आणि टोपण उघडून आत पाहिलं. दोन तारा उलट्या घरांत होत्या, आणि तारेला गाठ मारायची बापाची पद्धत त्याला ओळखू येत होती.

"क्रम कधी बदलला, अब्बा?"

"तू गेला त्या दिवशी."

मला वाटलं तो ओरडेल. चाचांनाही तसंच वाटलं असावं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे समोर, मार खायला तयार असल्यासारखे.

"मी तर पुढं घालतच नव्हतो," फैजान म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "समोरचं दिसत नव्हतं, म्हणून थांबलो होतो. अम्मीनं खांद्यावर हात मारला. म्हणाली, बघ, तुझ्या अब्बाचा दिवा साइड देऊन राहिला, घे पुढं." त्यानं नाझनीनकडं पाहिलं. "हे मी कुणाला सांगितलं न्हाई. लोक अम्मीला बोलले असते."

  चाचांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि पाय ब्रेकवरच राहिला. पिवळा दिवा लागलेला तसाच राहिला, भर उन्हात.

फैजान वाट बघत उभा होता.

"पाय काढा, अब्बा," तो म्हणाला.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. शेवटी फैजाननंच वाकून पिन ओढून काढली, नाझनीनचा हात धरला आणि हिमायतनगरची गाडी धरायला रस्त्याच्या पलीकडं निघून गेला. चाचा जीपमध्ये ब्रेक दाबून बसले होते. मी आणि व्यंकटीनं त्यांचा पाय धरून बाजूला केला तेव्हा तो दगडासारखा ताठ झाला होता.