लातुरात डबा टिकत न्हाई

जावयाला लातूर आवडत न्हाई म्हणून लेक तीन दिवसांत परत जाते, हे मी एकवेळ गिळलं असतं. पण जावयाच्या मोबाइलात लातूर कोरं दिसतं म्हणून लेक परत जाते, हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी केवळाबाई. माझी मेस हाय, क्लासच्या पोरांना दोन टाइम डबे देते. वर्षाराणी माझी एकुलती एक लेक. ती आणि जावईबापू सत्यम, दोघं जर्मनीत नोकरीला. दोन वर्षांतून एकदा येतात, तेबी पंधरा दिवस. त्यातले बारा नांदेडला, सासरी, आणि माझ्याकडं तीन. औंदा फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती दिवस गं लातूरला?" तर मागून सत्यमच बोलला, "मामी, लातूरला येऊन करायचं काय? तिथं एकबी डबी न्हाई!"

आता ही डबी काय ते सांगते. ह्या दोघांना एक खूळ हाय. चांगली शिकली-सवरलेली माणसं म्हणे झाडाच्या ढोलीत, दगडाखाली डब्या लपवतात आणि ती जागा मोबाइलच्या नकाशावर टाकतात. बाकीच्यांनी हुडकायची. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं, एखादी बारकी वस्तू उचलायची, आपली एक ठेवायची, आणि डबी होती तिथं परत लपवायची. ह्यासाठी माणसं विमानानं फिरतात. मी ऐकलं तेव्हा म्हणलं, देवा, ह्यांच्या घरी धुणं-भांडी कोण करतं?

सत्यमनं व्हिडिओ कॉल लावून मला नकाशाच दाखवला. पुण्यावर मोहरी सांडल्यावानी ठिपके. नांदेडला घाटाच्या अंगाला, किल्ल्याच्या अंगाला मिळून मूठभर. आणि लातूर? पांढरं फटक.

"आणि हा कुठला एकटा ठिपका?" मी विचारलं.

"भोकर."

"भोकरला हाय आणि लातूरला न्हाई?" मी अशी वरडले की शेजारची बुशरा शिलाई मशीन सोडून पळत आली. "अहो जावईबापू, अख्ख्या मुलखाची लेकरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिली. खांबाखांबाला पास झालेल्यांचे फोटो हायत. आणि तुमच्या नकाशाला लातूर दिसंना?"

"लेकरं येतात मामी, पण ती पुस्तकातून मान वर काढतात का?" सत्यम हसून म्हणला. "डब्या लपवायला रिकामटेकडी, हिंडणारी माणसं लागतात. नांदेडला दर्शनाला देशोदेशीची माणसं येतात, जाता जाता एखादी लपवून जातात. लातूरला कुणाला येळ हाय? जिथं हिंडणारे लई, तिथं डब्या लई. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?"

फोन ठेवला आणि मी भाकरी थापायला बसले. एकबी गोल होईना. तुम्ही म्हणाल, लेकीला सरळ म्हणायचं की, राहा बाई चार दिवस जास्त. कसं म्हणायचं? आमच्यात आईनं आग्रह केला की सासरी बोलणी लेकीला बसतात. 'बघा, माहेरचे ओढून घेतात.' म्हणून दर खेपेला मीच शहाणी होऊन म्हणायची, "जा बाई, सासरचे वाट बघत असतील." ती एसटीत बसली की घरी येऊन पोतंभर कांदे चिरायची. कांद्याचं एक बरं असतं, कुणी काय विचारत न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी बुशराकडं गेले.

"बुशरा, मला लातुरात डब्या पेरायच्यात."

"या अल्ला! मावशी, पेरायच्या म्हणजे?"

मी समजावलं. बुशरा कपाळाला हात लावून हसली, पण मोबाइलात तिचा हात लई चालतो. तिनं माझ्या नावचं खातं काढलं. खरं नाव नको म्हणलं मी, जावयाला कळलं तर तोंड कुठं लपवू? तिनं 'लातूरकरीण' असं टाकलं. मग नियम वाचले. डब्या एकमेकीला चिकटून नकोत. आत खायचं काय ठेवू नका. डबी पाण्यानं भिजू नये. आणि डबीवर मालकाचं नाव पायजे.

"ते तर आधीच हाय," मी म्हणलं.

आमच्या घरात नाव न घातलेलं भांडंच न्हाई. ताटापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर कोरलंय, 'केवळाबाई, लातूर'. डब्यांवर तर मेसचं नाव बी हाय. मी पाच जुने स्टीलचे डबे काढले, घासून लख्ख केले, आत कागद-पेन्सिल, मणी, बटणं, टिकल्यांचं पाकीट असं ठेवलं. एक गोलाईच्या, म्हणजे आमच्या गोल बाजाराच्या, मागच्या वडाखाली, एक बागेच्या कुंपणाला, एक रसवंतीच्या मागं, एक जुन्या रेल्वे लाइनीच्या कडेला आणि एक बसस्टँडाच्या भिंतीच्या खोबणीत. परदेशात बसलेल्या कुण्या तपासनिसानं चार दिवसांनी मंजुरी दिली आणि लातूरवर पाच ठिपके उमटले. मी आणि बुशरानं त्या मोबाइलला हळदी-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच दिवशी जर्मनीहून फोन. "मामी! लातूरला पाच झाल्या! कोण तरी लातूरकरीण नावाची वाघीण हाय. आता तिथंच आठ दिवस काढू. नांदेडच्या मी सगळ्या हुडकल्यात."

आठ दिवस! मी त्या दिवशी मेसच्या पोरांना शिरा वाढला. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणलं, गपगुमान खा.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. संध्याकाळी दारात कमलम्मा उभी. ही निलंग्याकडची, बसस्टँडावर फुलं विकते. हातात माझा डबा.

"अक्का, तुमचा डब्बा भिंतीत पडला होता. कुणा पोरानं टाकला काय की."

उघडून बघते तर मणी-बटणं एका पुडीत बांधून ठेवलेली आणि वर दोन मुठी शेंगा. बरोबरच हाय, रिकामा डबा परत द्यायचा कसा? मी तिला चहा पाजला आणि अंधार पडायच्या आत डबा पुन्हा खोबणीत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला, डब्यात चार पेरू घेऊन. म्हणला, "बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून आम्हीच वरडतो. पण ह्याच्यावर नाव होतं, मावशी. बेवारस कसं म्हणायचं?" तिसरा डबा रिक्षावाल्यानं आणला, आत त्याच्या बायकोनं घातलेलं लिंबाचं लोणचं. चौथा हिमायतनगरच्या एका क्लासच्या पोरीनं आणला. पळत आलती बिचारी, दम लागलेला. "आजी, कुणाचा तरी डबा राहिला रस्त्यात. ते लेकरू उपाशी असंल!" तिलाच जेवू घातलं.

मी डबा ठेवायची, लातूर परत आणायचं. शेंगा, पेरू, गूळ, एकदा तर तळलेले पापड. बुशरानं बाजारातून बिननावाची प्लास्टिकची बरणी आणली. ती ठेवली, तर तिसऱ्या दिवशी वडापावच्या गाड्यावर चटणी भरलेली दिसली. म्हणजे नाव घातलं तर परत येतं, न घातलं तर कामाला लागतं. मी वरडले, "ह्या गावात वस्तू पडली तशी पडू देत न्हाईत का?"

"न्हाई देत मावशी," बुशरा म्हणली. "म्हणून तर नकाशा पांढरा हाय."

तिचं बोलणं मला लागलं, पण गोड लागलं. भूकंपात आमचं औशाकडचं घर बसलं तेव्हा मातीतून भांडी निघाली होती, चेपलेली, वाकलेली. माणसं एकेक भांडं पुसायची, नाव वाचायची आणि पत्र्याच्या शेडाशेडातून हिंडून ज्याचं त्याला द्यायची. माझ्या सासूचं पितळी पातेलं कुण्या अनोळखी माणसानं असंच आणून दिलं. त्याच्या स्वतःच्या घरचं काहीच निघालं न्हवतं. ज्या मुलखानं हे बघितलंय तिथं नावाचा डबा रस्त्यात कोण पडू देईल? मला माझ्या माणसांचा असा अभिमान वाटला की काय सांगू. आणि त्याच वक्ताला त्यांच्या टाळक्यात लाटणं घालावं असंबी वाटलं, कारण लेकीचं येणं परवावर आलतं.

आली. सत्यम दारातून आत यायच्या आधी पाचीच्या पाची डबे मी पहाटे ठेवून आलते. तो अंघोळ करून, पोहे खाऊन, बूट घालून निघेपर्यंत तीन डबे मागच्या दारानं परत आलते. मी ज्वारीच्या पिंपामागं ढकलले; उरलेले दोन तो तिथं पोचायच्या आधीच कुणी कुणी उचलून आणून दिले. तो दुपारी उन्हात लाल होऊन आला.

"मामी, एकबी न्हाई. वडाची मुळंसुद्धा उचकली."

"नीट बघा की जावईबापू, असंल तिथंच," मी पिंपाला पाठ लावून म्हणलं.

दुसऱ्या दिवशीबी तेच. त्यानं मोबाइलवर लिहिलं, 'सापडली नाही', पाच वेळा. रात्री जेवताना म्हणला, "ही लातूरकरीण फसवी हाय. उगं ठिपके टाकले. वर्षा, उद्याच्या गाडीनं नांदेडला जाऊ, आई बी वाट बघून राहिली."

वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं. ती काय म्हणते म्हणून मी तिच्याकडं बघितलं. आणि माझी जीभ बघा कशी मेली, सवयीनं बोलून गेली, "हाव, जा बाई. सासरचे वाट बघत असतील."

वर्षाराणी ताट घेऊन उठली.

सकाळी बसस्टँडावर नांदेडची गाडी लागलेली. आशा सुटंना म्हणून एक डबा तेवढा मी पहाटेच इथल्या खोबणीत परत ठेवून आलते. दोघं खिडकीजवळ बसली, मी खाली उभी. पदर नीट करत होते, पिशवी दिली का, पाणी घेतलं का, असलं काहीबाही विचारत होते. कंडक्टर चढला. एवढ्यात फुलांची टोपली सावरत कमलम्मा पळत आली.

"अक्का! अक्का, थांबवा गाडी! पोरीचा शिदोरीचा डब्बा भिंतीतच राहिला!"

मी "दे इकडं" म्हणून झडप घालायच्या आत तिनं तो खिडकीतून सत्यमच्या हातात दिला. सत्यमनं उघडला. वर ताजी शेवंतीची फुलं, खाली मणी, बटणं, पेन्सिल आणि घडी घातलेला कागद. त्यानं कागद बघितला, झाकण उलटं करून नाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. आणि असा हसत सुटला की पुढच्या सीटवरचं बाळ दचकलं.

"मामी! लातूरकरीण तुम्ही?"

"बाकीचे चार पिंपामागं हायत," मी म्हणलं. आता लपवून काय उपयोग? "रोज ठेवते, रोज आणून देतात. मी काय करू?"

"काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून राहिलो!"

अख्खी गाडी हसायला लागली. एक वर्षाराणी तेवढी हसली न्हाई. खिडकीचा गज धरून म्हणली, "माय, तुला कशाला गं हे? तुला असल्या खेळाचं काय?"

सहज, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण आवाज फुटला तो असा, की स्टँडभर ऐकू गेला. "तू राहावीस म्हणून, भवाने! आठ दिवस राहणार म्हणलात म्हणून! मला काय त्या डब्यांचं लोणचं घालायचंय?"

"मग तोंडानं म्हणायचं न्हाई का? दर खेपेला 'जा' म्हणतीस. मला वाटलं मेसच्या घाईत मी तुला अडचण होते."

"अडचण?" माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं आणि भोवती एकबी कांदा न्हवता. "उतर खाली. मला तू पायजेस. उतर!"

"मावशी, बेल मारू का नको?" कंडक्टर म्हणला.

"थांब की रे बाबा! तुझी गाडी रोज हाय. माझी लेक दोन वर्षांतून एकदा हाय."

"उतर गं पोरी," मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणली, "न्हाई तर हिच्यापायी गाडी निघायची न्हाई."

सत्यमनं बॅग खिडकीतूनच खाली टाकली आणि उतरता उतरता नांदेडला फोन लावून माझ्या हातात दिला. विहीणबाई उमादेवी. म्हणलं, आता ऐकून घ्यायची तयारी ठेवावी. सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग त्या म्हणल्या, "अहो विहीणबाई, मला तर वाटायचं लेक तुम्हालाच जड झालीय. दर खेपेला तिसऱ्या दिवशी धाडून देता. मी घरात म्हणायची, कशी ही आई! ठेवा की खुशाल. आणि सुट्टी संपायच्या आधी तुम्हीच तिला घेऊन नांदेडला या, राहायला."

गाडी गेली. सत्यम कमलम्माला विचारून राहिला होता, डबा नेमका कुठं सापडला, कसा सापडला, आणि ती त्याला टोपली धरायला लावून ऐटीत सांगत होती. वर्षाराणी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी.

"माय," ती म्हणली, "भूक लागली."

मी रोज एवढ्या लेकरांना जेवू घालते. पण खरं सांगते, हे ऐकायला माझे कान तरसले होते.