डाव्या पायाचा हिशेब

"माणूस खोटं बोलतो, काळीजही खोटं बोलतं, वॅट तेवढा खोटं बोलत नाही." हे वचन हर्षवर्धनने घोडपदेवच्या नाक्यावर, डोक्यावर हेल्मेट आणि हातात कटिंग घेऊन उच्चारलं. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. शेजारच्याने फक्त ग्लास ठेवायला जागा मागितली होती.

भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी त्यांच्या मंडळाची सायकल शर्यत असते. घोडपदेवहून निघायचं, लालबाग, परळ, दादर करत शीवला वळसा घालायचा आणि परत. पहिला येणारा मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे सायकल चालवतो. हर्षवर्धनचे वडील बाबुराव गिरणीत होते तेव्हा हा मान त्यांनी सोडलाच नाही. हर्षवर्धन मात्र आजवर जनरेटरच्या टेम्पोमागून चालत आलेला. पंचेचाळिशी उलटली, आता नाही तर कधीच नाही, म्हणून त्याने पॉवर मीटर घेतला. पॅडलवर पायाचा जोर किती लागतो, ते हा मीटर मोजतो आणि हँडलवरच्या पडद्यावर वॅटमध्ये दाखवतो.

"साहेब, हा एका बाजूचा आहे," दुकानदार म्हणाला होता. "डाव्या पायाचं मोजतो नि दुप्पट करून दाखवतो. चालेल ना?"

हर्षवर्धन बँकेत आहे. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, असं तो काउंटरवरून रोज लोकांना बजावतो. तो म्हणाला, "चालेल की."

पहिल्याच आठवड्यात त्याला शोध लागला. डावा पाय दाबला की आकडा टुणकन उडी मारतो. उजवा दाबला तर ढिम्म. दुसऱ्या कोणी यंत्रावर शंका घेतली असती. हर्षवर्धनने उजव्या पायावर घेतली. तो पाय त्याने आळशी ठरवला आणि सगळी मेहनत डाव्यावर लावली. दात घासतानासुद्धा तो गॅलरीत डाव्या पायावर उभा राही.

"हर्षा, बगळा झालास काय रे?" बाबुराव विचारत.

"बाबा, काल दोनशे ऐंशी वॅट आला!"

"मग जिन्यातला बल्ब गेलाय, तिथं जाऊन उभा राहा."

त्याची बायको प्रिती परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये आहे. ती रोज सायकलनेच जाते, पुढच्या टोपलीत डबा ठेवून. तिला तो जेवताना धडे देई. "सुरुवातीला जोर लावायचा नाही. एक आकडा ठरवायचा आणि तो धरून बसायचं. पुढे पळालेले सगळे शीवला धापा टाकत भेटतात."

"आणि नाही भेटले तर?"

"तुझ्याकडे मीटर नाही. तुला नाही कळणार."

दुसऱ्या दिवशी प्रितीने शर्यतीत नाव दिलं. "बघू तरी, कोण कोण भेटतं," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी हर्षवर्धनने दोनशे वीसचा आकडा धरला आणि सोडला नाही. लालबागला सगळा घोळका पुढे गेला. त्याने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. परळला दोन आजोबा गप्पा मारत पुढे गेले. दादरला मागून ओळखीची घंटी वाजली.

"अहो, पंक्चर झालंय का?"

"नाही! दोनशे वीसवर आहे!"

"बरं. मी होते पुढे."

धडा खरा ठरला. सगळे त्याला भेटले, फक्त शीवहून परत येताना, समोरून. घोळक्याच्या पुढे प्रिती होती. तिची टोपली हलत होती.

मग हर्षवर्धनचा धीर सुटला. त्याने जीव खाऊन डावा पाय दाबला आणि वळसा घालून परतताना त्या पायात गोळा आला. नाइलाजाने त्याने तो लोंबकळत ठेवला आणि आळशी उजव्यावर सायकल हाणली. पडद्यावर शून्य आलं. मीटरच्या मते तो थांबला होता. परळला त्याने दोन्ही आजोबांना मागे टाकलं.

"दोन सोडून सगळ्यांच्या मागे," बाबुराव त्याला नाक्यावर म्हणाले. "पण झेंडा घरातच राहिला बघ." प्रिती पहिली आली होती. हर्षवर्धनने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की चहावाल्याने दचकून वर पाहिलं.

जयंतीला निळा झेंडा घेऊन प्रिती सर्वांत पुढे होती. तिच्या सायकलच्या बाजूने हर्षवर्धन लंगडत चालला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "शिकवलं मीच."

गेल्या वर्षी शिवलेली पँट त्याला आता फक्त उजव्या पायात होते.