हळदीच्या नवऱ्याची कट्यार

नोटीस माझ्याच हातची होती. १९७८ साली कतारमधल्या दुखानच्या कॅम्पात दोन वेल्डर भांडले, एकाच्या दंडाला चाकू लागला आणि आमच्या कंपनीने कॅम्पात कसलंही पातं बाळगायला बंदी घातली. पर्सोनेलमध्ये मी होतो, सुरेश शितोळे, पुण्याचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा. शीख क्रेनवाल्याच्या कृपाणाला सूट द्यावी हेही मीच साहेबाला सुचवलं होतं. तेव्हा आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटलं.

महिनाभरात निवृत्ती पकडला गेला. हा साताऱ्याकडचा पाइप फिटर. रजा जेमतेम दहा दिवसांची, शुक्रवारी विमान आणि रविवारी गावी लग्न. आईने, फुलाबाईने, पत्रातून बजावलं होतं की हळद तिकडंच लावून घे आणि अक्षता पडेपर्यंत लोखंड अंगावेगळं करू नकोस. खोलीतल्या मित्रांनी बुधवारी पहाटे त्याला हळद लावली. वर्कशॉपमधल्या पट्टीची वीतभर कट्यार घडवली, टोकाला लिंबू खोचलं. हळदीचा नवरा उंबऱ्याबाहेर पडत नाही, पण कंपनीला हळद कुठली कळायला? तो ड्यूटीवर निघाला.

गेटवर गार्डाने कट्यार मागितली. हा देईना.

"सरदारजीला चालतं, मग मला का न्हाई? माजंबी देवाधर्माचंच हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गार्डाने पोलीस बोलावले आणि हत्यार बाळगल्याची तक्रार झाली.

दुसऱ्या दिवशी दोह्याच्या कोर्टात कंपनीतर्फे साहेब आणि मी गेलो. गाडीत साहेब म्हणाला, "याला सोडलं तर उद्या प्रत्येकाच्या उशाखाली एकेक देव निघेल." मी हसलो.

न्यायाधीश वयस्कर होते, आवाज अगदी शांत. दुभाष्याने त्यांचा प्रश्न मला इंग्रजीत सांगितला. "लग्नात आम्हीही तलवारी घेऊन नाचतो. तुम्ही याच्याच मुलखाचे. हा म्हणतो ती रीत खरोखर तुमच्यात आहे का? असेल तर ही बंदी त्याला लावणार नाही. आजच सोडतो."

'हो' अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात निवृत्तीकडे लक्ष गेलं. पिवळा चेहरा, कॉलरवर हळदीचे डाग, डोळे माझ्याकडे लागलेले. शेजारी साहेबाने नाक मुरडलं. मला लाज वाटली, आणि तीही चुकीची. आपण याच्यातलेच दिसू, याची लाज.

"खेड्यातली अंधश्रद्धा आहे," मी म्हणालो. "शिकलेल्या लोकांत असलं काही नसतं."

दोन आठवड्यांची कोठडी झाली. निवृत्तीला इंग्रजीही कळत नव्हतं आणि अरबीही. त्याला बाहेर नेताना त्याने मला हात जोडले.

सुटल्यानंतरच्या शुक्रवारी तो दोह्यातल्या अल नस्र भागात आमच्या घरी आला. हातात खजुराचा डबा होता.

"साहेब, तुमी माज्यासाटी कोडतात हुबं ऱ्हायला," तो म्हणाला. "परमुलखात कोन हुबं ऱ्हातंय?"

लग्नाचं काय झालं, हे मला विचारावंच लागलं.

"तार आली. मुहूर्त मोडू नये म्हून त्याच मांडवात पोरीचं लगीन माज्या चुलतभावासंगं लावलं, मच्छिंद्रासंगं. चांगला हाय पोरगा." आणि तो उगाच हसला.

माझी बायको मालविका चहा ठेवायला आत गेली. निवृत्ती उठून शोकेससमोर उभा राहिला. तिथे आमच्या लग्नाचा फोटो होता. मुंडावळ्या, फेटा आणि माझ्या हातात कट्यार, टोकाला लिंबू. रोज त्याच्यासमोर जेवत होतो मी. तो काढून ठेवायचं मला सुचलंही नव्हतं.

"घरचीच का कट्यार?"

"आजोबांची."



"साहेब," तो तिकडेच तोंड करून म्हणाला, "जजसाहेबानं त्या दिशी तुमास्नी इचारलं काय हुतं?"

थाप मारता आली असती. तेवढीही हिंमत झाली नाही. न्यायाधीशांचा प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं. इंग्रजीत चटकन निघालेलं ते वाक्य मराठीत उच्चारताना तीनदा अडखळलो.

मालविका चहा घेऊन आली. त्याने तो उभ्यानेच संपवला आणि तिला म्हणाला, "वैनी, चहा झ्याक झाला."

जाताना त्याने तिला हात जोडले. मला नाही.