मधल्या भिंतीतली वीट

डोमा गवंड्याच्या हातोडीनं मधल्या भिंतीतली एक वीट सुटली आणि थेट सत्यभामाबाईच्या चुलीपाशी येऊन पडली.

"कोण्या मेल्याचा हात आहे?" ती कडाडली. "घर तुमचं असंल, भिंत अर्धी माही आहे!"

भोकातून पलीकडे पुतण्या तुलारामचं भादरलेलं डोकं दिसलं. त्याच्या आईची, रुखमाची, तेरवी कालच झाली होती. आता गिलावा करून घर भाड्यानं द्यायचं आणि जवाहरनगरला नोकरीच्या क्वार्टरवर परतायचं, एवढीच त्याला घाई.

घर सासऱ्यानं बांधलेलं, तलावाच्या मातीच्या विटांचं. शेताच्या धुऱ्यावरून त्याचे दोघे मुलगे भांडले, गोठा पाडून त्याच्या विटांची ही भिंत मधोमध घातली. धाकट्यानं तर बायकोला, रुखमाला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला: त्या घराशी बोलणं नाही, देणंघेणं नाही. लेकरू म्हणजे हा तुलाराम. भाऊ गेले, शपथ राहिली. या जावा एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, हे अख्ख्या कोंढा गावाला ठाऊक.

डोमानं भोकात बोट फिरवलं.

"भाऊ, ह्या विटेले मातीचा गाराच नाही लावलेला. सरकवून सरकवून कोर झिजली. अन् हे पाहा, तांदूळ."

भोक बरोबर तुलारामच्या तांदळाच्या कोठीमागं होतं.

"मोठीआई, तू आमचे तांदूळ काढत होती का इथून?"

सत्यभामाबाईनं वीट उचलली. तापात पडली होती तेव्हा याच भोकातून पेजेची वाटी यायची. मागं रुखमाच्या बांगड्यांचा आवाज. शब्द एकही नाही.

"बोल ना! माह्या मायनं तर शपथ मरेपर्यंत पाळली."

म्हणताना त्याचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला.

सत्यभामाबाईला चोर म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. तिनं पदर खोचला.

"हो, काढत होती. तुही माय भोळी, तिले काय कळणार?"

तुलारामनं तोंड फिरवलं.

"बुजव रे डोमा. सिमेंट लाव."

तिनं वीट भोकातून परत दिली. पलीकडं थापी वाजू लागली.

"बाई, तिकडून जरा हात लावा. वीट घसरून राहिली."

तिनं विटेवर तळहात टेकवला. "झालं," डोमा म्हणाला. कोठी जागेवर सरकल्याचा आवाज आला. चूल विझत आली, तरी तिचा हात तिथंच होता.