दोन की तीन

दोन माणसांमधला संबंध डोळ्यांना दिसत नाही, असं जगातले सगळे शहाणे सांगत आले आहेत. पण संगणकाच्या पाठीमागे गुडघे टेकून वाकलं की तो दिसत असे: नेटवर्क कार्डाच्या कडेला, हिरवा, तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. आत्ताही तो तेवत होता. तार शाबूत आहे, कार्ड जिवंत आहे, असं शपथेवर सांगत होता. फक्त पार्टिशनपलीकडे, दादाच्या संगणकात, काही पोचत नव्हतं.

धाकट्याने गुडघे झटकले आणि तो खुर्चीत बसला. घरांचे नकाशे काढायचं हे ऑफिस दोघा भावांचं. नकाशा धाकट्याने काढायचा. तो कागदावर उतरवणारा प्लॉटर दादाच्या खोलीत. दीड वर्षं दोघांत शब्द नव्हता, तरी धंदा चालला होता, कारण नकाशे तारेतून जात आणि तारेला तोंड दाखवावं लागत नाही. आता तीच मुकी झाली म्हणजे उठायचं, वळसा घालायचा, दादाच्या दारात उभं राहायचं… आणि म्हणायचं काय? 'दादा' म्हणायचं, की खाकरायचं नुसतं? त्यापेक्षा कार्डाच्या ड्रायव्हरची सेटिंग बदलत बसलेलं बरं.

काल दुरुस्तीवाल्याने दोन्ही म्हाताऱ्या मशीनांत कार्डं बदलली होती. जाताना म्हणाला होता, "फ्रेम टाइप तेवढा दोन्हीकडे एकच ठेवा, साहेब. नाहीतर दिवे लागतील, पण ही दोघं एकमेकांना ओळख देणार नाहीत." हे त्याने दोन खोल्यांत दोनदा सांगितलं, एकत्र सांगायची सोय या ऑफिसात नव्हती.

पर्याय दोनच. ८०२.२ आणि ८०२.३, म्हणजे तोंडी दोन आणि तीन. सकाळी धाकट्याने दोन ठेवला. नकाशा पोचला? नाही. मग चूक आपलीच, दादा शिस्तीचा माणूस, त्याने तीन ठेवला असणार. तीन केला. मशीन बंद, चालू, काळ्या पडद्यावर मेमरीची मोजदाद, बीप. पार्टिशनपलीकडूनही बीप. प्रतिध्वनी असेल. आता पोचला? नाही. पुन्हा दोन… बीप. बीप. आता नक्की कशावर आहोत आपण? दादाला हवं ते आपण ठेवतोय, की आपण ठेवतोय ते दादाला हवं असेल असं… हा विचार शेपटीला धरला की तोंडाकडून निसटायचा.

दीड वर्षापूर्वी आईला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशीही असंच. दादाला तिला आपल्या घरी न्यायचं असेल, आपण मध्ये कशाला — मी काय वाईट योजलं होतं? — आणि दादाला वाटलं, धाकट्याला न्यायचं असेल. दोघेही मोठ्या मनाने आपापल्या घरी बसले. आई पिशवी मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर, दिवे लागेपर्यंत. शेवटी ताईने नेलं, ते कायमचंच. 'तू का नाही आलास?' एवढं दोघांनी एकमेकांना एकदाच विचारलं, आणि मग…

"छोटे साहेब," टायपिस्ट बाई दारातून म्हणाल्या, "पार्टी संध्याकाळी यायचीय नकाशा न्यायला. मोठे साहेब विचारतायत, पाठवताय ना?"

"पाठवतोच आहे म्हणावं. सकाळपासून."

"तुम्हीच जाऊन म्हणा की. मी टायपिस्ट आहे, पोस्टमन नाही."

फ्लॉपीत नकाशा मावत नव्हता. तो उठला.

दादा टेबलाखाली होता. गुडघे टेकून, मान वाकडी करून, आपल्या मशीनच्या पाठीमागे बघत. केस मागून इतके गेलेत हे कुणी सांगितलंच नव्हतं, सांगणार कोण.

"दादा."

"दिवा तर लागलाय रे," दादा न वळता म्हणाला.

"फ्रेम टाइप काय ठेवलायस?"

"आत्ता तीन. म्हणजे सकाळीही तीन होता. मग म्हटलं, तू दोन ठेवला असशील, म्हणून दोन केला. मग पुन्हा…"

"मी तेव्हा तीन केला. तुझ्यासाठी."

दादा टेबलाला डोकं आपटत बाहेर आला. "मग आता तुझ्याकडे?"

"दोन."

"हां. मी बदलतो."

"तू नको, मी बदलतो."

"अरे, मी बदलतो ना!"

धाकटा परत खुर्चीत आला तेव्हा त्याला आठवेना, शेवटचं वाक्य कुणाचं होतं. आपण बदलला आणि दादानेही बदलला, तर पुन्हा तेच. बदलला नाही, आणि आपल्यासाठी म्हणून दादाही थांबला, तरीही तेच. बोट एंटरवर ठेवून तो ऐकू लागला. पलीकडे बीप नव्हती. पलीकडेही कुणीतरी बोट ठेवून ऐकत होतं, हे त्याला इतकं स्वच्छ ऐकू आलं की क्षणभर बरं वाटलं… आणि लगेच, हे बरं वाटणं आहे की भीती, तेही कळेनासं झालं. हाक मारली तर? मध्ये प्लायवुडच तर आहे, भिंत थोडीच आहे.

"दा…"

"छोटे साहेब," टायपिस्ट बाईंनी डोकावून विचारलं, "पण छापणार कशावर? प्लॉटरमधला कागद कालच संपलाय."