टकळी येताना अडते

दुभाषी घडवण्याच्या वर्गावर मला एकवीस वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. घसा बसलेला, कान दुखलेले, आणि तेच तेच कानीकपाळी ओरडायचं. समोरचा ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’च म्हणा. ‘डॉक्टर म्हणतात’, ‘वकील म्हणतात’ असली शेपटं लावू नका. वर्ग माना डोलावतो आणि दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी ‘डॉक्टर म्हणतात’ म्हणतंच. पालथ्या घड्यावर पाणी.

परीक्षेचे दोन भाग असतात. आपल्या भाषेतून परक्या भाषेत सांगायचं, त्याला पोरं ‘जाताना’ म्हणतात. परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणायचं, ते ‘येताना’. जाताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. वाक्यं तोकडी होतात, तोंडाला कोरड पडते. येताना मात्र जो तो वाघ. हे उलटं झालेलं मी एकदाच पाहिलं, ते टकळीच्या बाबतीत.

टकळी हे नाव वर्गानंच ठेवलं, कारण बाईसाहेबांचं तोंड कधी बंद नसायचं. जाताना तर अशी सुटायची की तपासताना मलाच धाप लागायची. येताना तीच पोरगी अडायची. बँक, कोर्ट, शाळा असलं काही असलं तर ठीक. पण हॉस्पिटलचा प्रसंग आला आणि डॉक्टरनं वाईट बातमी दिली, की हिचं ‘डॉक्टर म्हणतात’ सुरू. वर ती बातमी गुळात घोळवून यायची. ‘पसरलंय’चं ‘थोडं वाढलंय’ व्हायचं. यापायी दोनदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची. पास झाली तर एका हॉस्पिटलनं तिच्यासाठी दुभाष्याची जागा धरून ठेवली होती. नाही तर हा धंदाच सोडायचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं आणि झापलंच.

“परक्या भाषेत फाडफाड बोलतेस. मग आपल्याच भाषेत काय धाड भरते तुला?”

ती वहीची सुरळी करत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मी बारा वर्षांची होते तेव्हा आई आजारी पडली. तिला इथली भाषा येत नव्हती. हॉस्पिटलमध्ये मीच मधे बोलायचे. आईचं डॉक्टरला सांगताना काही वाटायचं नाही. डॉक्टर माझा कोण लागतो? पण त्याचं आईला सांगायचं म्हणजे समोर आई.”

“काय सांगितलंस तिला?”

“बरी होशील, असं.”

“आणि तो काय म्हणाला होता?”

“दोन-तीन महिने.”

मला राग आला. तिचा नाही, त्या डॉक्टरचा. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडी असलं काम देतं का कुणी? पण परीक्षेत माझा राग तिच्या काय कामाचा? मी एवढंच म्हटलं, “या वेळी समोर आई नसेल. मी असेन. आणि माझ्यावर काही तुझी माया उतू चाललेली नाही.”

ती हसली. कसनुसंच, पण हसली.

समोर खरंच मीच असणार होते. आमच्याकडची पद्धतच तशी. बाहेरून आलेले परीक्षक डॉक्टर होतात, मी पेशंट होते आणि मधल्या खुर्चीत विद्यार्थी. परीक्षेच्या दिवशी मी आठ-आठ वेळा मरायला टेकते. हल्ली तर ती बातमी ऐकताना रात्री भाजी कसली करायची याचा विचार डोक्यात चालू असतो.

टकळीचा नंबर सातवा होता. परीक्षक म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले दुभाषी, जांभया दाबत बसलेले. जातानाचा भाग तिनं नेहमीसारखा सुसाट केला. मग त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि डॉक्टर होऊन परक्या भाषेत वाचायला लागले. आजार सगळीकडे पसरलाय. औषधांचा उपयोग होत नाही. माझ्या अंदाजानं दोन-तीन महिने. उतारा मी निवडला नव्हता, अगदी शपथेवर सांगते.

तिनं पेन खाली ठेवलं. पाच सेकंदांच्या वर थांबलं की गुण जातात. मी मनात मोजत होते. चार झाले.

“आजार सगळीकडे पसरलाय,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “औषधांचा उपयोग होत नाहीये. माझ्या अंदाजानं तुमच्याकडे दोन-तीन महिने आहेत.”

शब्द एकही इकडचा तिकडे झाला नाही.

पुढचं वाक्य माझं होतं, आणि ते मी विसरले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. परीक्षक खाकरले तेव्हा मी कागदात बघून वाचलं, “म्हणजे मला काही कामं उरकून घ्यायला हवीत.”

हे वाक्य जातानाचं. जिथं ती कधी अडली नव्हती, तिथं ते सांगायला तिला दोनदा दम घ्यावा लागला.

परीक्षकांनी पास लिहून सही केली. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं. मला वाटलं, आता वर्गभर नाचेल. ती बाकावर बसून राहिली.

“आईचं आणि मावशीचं भांडण होतं,” ती म्हणाली. “आई म्हणायची, जरा बरं वाटलं की जाऊन मिटवून येते. मी बरी होशील म्हटलं होतं ना, म्हणून ती थांबली. थांबता थांबता गेली. पुढं मावशीनंच मला वाढवलं. ती अजून विचारते, ताई एकदा तरी का आली नाही? मी म्हणते, आई फार थकली होती.”

मी तिच्याशेजारी बसले.

“आज घरी जाऊन सांगणार आहे,” ती म्हणाली.

“काय सांगशील?”

तिनं जरा वेळ घेतला. मी मोजलं नाही.

“मावशी, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नाही.”

मेली सवय जात नाही. मी त्यातही चूक शोधत होते. एकही नव्हती.